लाकडी बुटाची लोणकढी : ‘सॅबोटाज’ या शब्दाचा खरा इतिहास

१/
समाजमाध्यमांवर एक गोष्ट दर काही महिन्यांनी नव्या चित्रासह अवतरते. औद्योगिक क्रांतीच्या काळात यंत्रांमुळे ज्यांच्या पोटावर पाय आला, त्या कामगारांनी संतापाने पायातले लाकडी बूट काढून यंत्रांत फेकले. त्या बुटाला फ्रेंच भाषेत ‘साबो’ म्हणतात, म्हणून यंत्र बंद पाडण्याच्या कृतीला ‘सॅबोटाज’ असे नाव पडले. गोष्ट सुटसुटीत आहे, डोळ्यांपुढे लगेच उभी राहते, आणि ती खोटी आहे.

२/
खोट्या व्युत्पत्ती प्रत्येक भाषेत शेकड्याने सापडतात आणि त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात. ही तशी नाही. मजुरी आणि श्रम यांच्या थंड डोक्याने मांडलेल्या हिशेबातून जन्मलेली एक कल्पना या गोष्टीने रागाच्या झटक्यात जमा केली. ज्यांनी तो हिशेब मांडला त्यांना तिने आडदांड ठरवले. म्हणून तिचा समाचार घेणे ही केवळ कोशकारांची हौस नव्हे. कामगारांच्या इतिहासातून काय पुसले गेले, हा प्रश्न तिच्यापाशी येऊन थांबतो.

३/
आधी बुटाकडे पाहू जावे. साबो म्हणजे लाकडाच्या एका अखंड ठोकळ्यातून कोरलेले पादत्राण. ‘सावात’ म्हणजे जुना झिजलेला जोडा. त्या शब्दाची बुटाच्या जुन्या नावाशी सरमिसळ होऊन ‘साबो’ घडला असे कोशकार मानतात. फ्रान्सचे शेतकरी आणि गोरगरीब ते वापरत. चिखलात ते उत्तम, खिशाला परवडणारे आणि टिकाऊ. मात्र शहराच्या फरसबंद रस्त्यावर त्यांचा खडखडाट होई आणि घालणाऱ्याची चाल बोजड दिसे. शहरी माणसाला त्यात गावंढळपणा दिसला.

४/
त्या चेष्टेतून बोलीभाषेत अर्थांची रांग लागली. बिघडलेले वाद्य म्हणजे साबो, भिकार अवजार म्हणजे साबो. ‘साबोते’ या क्रियापदाचा अर्थ लाकडी बूट वाजवीत चालणे, आणि पुढे धसमुसळेपणाने काम उरकणे, काम बिघडवणे. मराठीत ज्याला पाट्या टाकणे म्हणतात, त्याच्या अगदी शेजारचा हा भाव आहे. पाट्या टाकणाऱ्या कारकुनाने कोणावर खरोखरीची पाटी भिरकावलेली नसते. साबोते करणाऱ्या कामगारानेही यंत्रात बूट भिरकावला नव्हता.

५/
‘सॅबोटाज’ या नामाला फ्रेंचमध्ये आणखी दोन निरुपद्रवी अर्थ होते. एक, लाकडी बूट घडवण्याचा धंदा. दुसरा रेल्वेच्या तांत्रिक भाषेतला : रूळ नीट बसावा म्हणून लाकडी स्लीपरमध्ये खाचा पाडण्याचे काम. यावरून दुसरी एक दंतकथा निघाली, की १९१० च्या फ्रेंच रेल्वे संपात संपकऱ्यांनी रूळ धरून ठेवणारे भाग कापले आणि त्यातून हा शब्द आला. तीही टिकत नाही, कारण त्या संपाच्या तेरा वर्षे आधीच हा शब्द कामगार चळवळीच्या ठरावांत आलेला होता.

६/
दंतकथेची पहिली परीक्षा कालक्रमाची. यंत्रे फोडण्याची सर्वांत प्रसिद्ध लाट इंग्लंडमध्ये १८११ ते १८१६ या वर्षांत उसळली. ती लडाइट कारागिरांची. नॉटिंगहॅमच्या परिसरात मोजे विणण्याचे माग फुटले. १८१२ मध्ये पार्लमेंटने माग फोडणाऱ्यास देहदंडाचा कायदा केला, आणि कवी बायरन याने उमरावांच्या सभागृहात त्याला विरोध करणारे भाषण केले. १८१३ च्या आरंभी यॉर्क येथे सतरा जण फासावर गेले. या साऱ्या घडामोडींत ‘सॅबोटाज’ हा शब्द कोठेही नाही.

७/
दुसरी परीक्षा साधनाची. लडाइटांचे हत्यार ठाऊक आहे : हातोडा. यॉर्कशरमधल्या मोठ्या घणाला ते ‘इनॉक’ म्हणत. तो घण घडवणारा इनॉक टेलर हाच लोकर कातरण्याची नवी यंत्रेही घडवी, ही त्या नावातली खोच. घण हाताशी असताना पायातला बूट कोण फेकील? बूट ही गरिबाची स्वतःची मालमत्ता. ती मालकाच्या यंत्रात टाकून अनवाणी घरी जाणारा कामगार चित्रात शोभतो. इतिहासात त्याचा मागमूस नाही.

८/
तिसरी परीक्षा साक्षीची. ज्यांनी हा शब्द चळवळीत आणला त्यांनी त्याचा उगम स्वतः लिहून ठेवला आहे. त्यांच्या लेखी हा कारागिरांच्या गावरान बोलीतला शब्द होता आणि त्याचा अर्थ होता बुटांच्या खडखडाटासारखे ओबडधोबड काम. बूट फेकण्याची कथा शब्द गाजल्यानंतर त्याला चिकटली. १९९१ च्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील सहाव्या चित्रपटात एक पात्र तीच कथा इतिहास म्हणून सांगते. त्या पडद्यावरून ती जगभर गेली.

९/
येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. खुद्द लडाइटही यंत्राला भ्यालेले अडाणी नव्हते. इतिहासकार एरिक हॉब्सबॉम यांनी १९५२ मध्ये यंत्रफोडीवरील निबंधात दाखवून दिले, की संघटना करणे बेकायदा असण्याच्या काळात मालकाचा माग फोडणे हे मजुरीची बोलणी करण्याचेच एक साधन होते. बूटकथेत यंत्रफोडीला जी आंधळ्या रागाची छटा आहे, ती त्या कारागिरांवरही अन्यायच करते. अशा रीतीने एका थापेने दोन पिढ्यांचे कामगार एकदम बदनाम होतात.

१०/
मग खरी गोष्ट कोणती? तिचा एक धागा स्कॉटलंडमधून येतो. १८८९ मध्ये ग्लासगोच्या गोदी कामगारांनी मजुरीवाढीसाठी संप केला. मालकांनी खेड्यांतून शेतमजूर आणून काम चालवले. संप हरला आणि कामगारांना जुन्याच मजुरीवर परतावे लागले. तेव्हा त्यांच्या संघटनेचे सचिव एडवर्ड मॅकह्यू यांनी त्यांना जो सल्ला दिला, तो कामगार इतिहासातील एक अत्यंत मिस्कील सल्ला म्हणावा लागेल.

११/
सल्ल्याचा आशय असा : या शेतमजुरांच्या कामावर आपण समाधानी आहोत असे मालक सांगत होते. त्या मजुरांना जहाजावर धड चालता येत नव्हते, त्यांच्या हातून माल पडत होता, दोघे मिळून एकाचे काम करीत होते. मालकांना असे काम पसंत असेल तर तसेच करावे. कामगारांनी तसेच केले. थोड्याच दिवसांत मालकांनी पूर्वीसारखे काम करण्याची विनंती केली आणि संपाने न मिळालेली वाढ दिली, असे ही कथा पुढे चळवळीत सांगितली गेली.

१२/
या तंत्राला स्कॉटिश बोलीत ‘का कॅनी’ असे नाव होते. अर्थ, सांभाळून, सावकाश चला. १८९६ मध्ये गोदी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने याच नावाची एक पत्रिका काढली. तिचा युक्तिवाद बाजारातला होता. दुकानात टोपीची पुरी किंमत मोजली नाही तर हलकी टोपी मिळते, आणि दुकानदाराला कोणी गुन्हेगार म्हणत नाही. श्रम हाही विकायचा मालच असेल, तर दाम तसे काम हा नियम त्यालाही लागू झाला पाहिजे.

१३/
हा युक्तिवाद फ्रान्समध्ये नेणारा माणूस एमील पूजे. जन्म १८६०. १८८९ पासून तो ‘ल पेर पेनार’ नावाचे साप्ताहिक चालवी. त्याची भाषा पॅरिसच्या गल्लीबोळांतली, शिवराळ आणि चुरचुरीत. १८९३-९४ मध्ये फ्रेंच सरकारने अराजकवाद्यांविरुद्ध कडक कायदे केले, तेव्हा पूजे लंडनला निघून गेला. तेथे त्याने ब्रिटिश कामगार संघटना जवळून पाहिल्या आणि परतताना ‘का कॅनी’ची कल्पना सोबत आणली.

१४/
सप्टेंबर १८९७. दक्षिण फ्रान्समधील तुलूझ शहरात कामगारांच्या राष्ट्रीय महासंघाचे अधिवेशन भरले. पॅरिस नगरपालिकेच्या कामगारांना तेथे जाण्यास प्रिफेक्टने मनाई केली होती. त्या मनाईची परतफेड म्हणून नगराच्या सेवांत एक लाख फ्रँकचे नुकसान करावे, असा खट्याळ आणि जहाल प्रस्ताव पूजेने पुढे आणला. मग बहिष्कार आणि सॅबोटाज या विषयांवर समितीचा अहवाल सादर झाला आणि अधिवेशनाने तो मान्य केला. गल्लीतला शब्द त्या दिवशी ठरावात आला.

१५/
म्हणजे या शब्दाला जन्मदाखला आहे. ज्या शब्दाचे स्थळ, वर्ष आणि ठराव सांगता येतात, त्याच्यासाठी निनावी कामगाराचा निनावी बूट शोधण्याची गरजच काय? लडाइटांच्या घणापासून तुलूझच्या ठरावापर्यंत पंचाऐंशी वर्षांचे अंतर आहे. बूटकथा ते अंतर एका उडीत पार करते, आणि त्या उडीत कामगार संघटना, त्यांची अधिवेशने, पत्रके, वादविवाद असे सारे पायाखाली जाते.

१६/
पूजेच्या मांडणीत सॅबोटाजचे प्रकार अनेक होते. पहिला, मजुरी खराब तर काम खराब. दुसरा, तोंड उघडणे : दुकानातील नोकराने गिऱ्हाइकाला मालातली भेसळ खरीखरी सांगून टाकायची. तिसरा, नियमांचे तंतोतंत पालन. १९०५ मध्ये ऑस्ट्रियाच्या रेल्वे कामगारांनी नियमपुस्तकातील प्रत्येक कलम अक्षरशः पाळले आणि वाहतूक ठप्प केली. त्यांनी एकही नियम मोडला नव्हता, हीच त्यांची कुरापत होती.

१७/
यातला तिसरा प्रकार मराठी वाचकाला अनोळखी नाही. ‘नियमानुसार काम’ आंदोलनाच्या बातम्या भारतीय वृत्तपत्रांत वर्षानुवर्षे येत आल्या आहेत. असे आंदोलन यशस्वी होते याचाच अर्थ असा, की एरवी सारा कारभार नियमांपलीकडच्या, बिनमोबदल्याच्या तत्परतेवर चालतो. कामगाराने केवळ ती जादा तत्परता काढून घेतली की यंत्र आपोआप थांबते. त्यात बूट टाकावा लागत नाही.

१८/
येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. पूजेच्या यादीत यंत्र निकामी करण्याचाही समावेश होता. पॅरिसच्या केशकर्तन कामगारांनी मालकांच्या दुकानांच्या दर्शनी भागांवर दाहक द्रव फेकून ते विद्रूप केले, त्याचेही तो समर्थन करतो. म्हणजे सॅबोटाज हे काही साधुसंतांचे व्रत नव्हते. परंतु यादीतील एक कलम म्हणजे संपूर्ण यादी नव्हे. बूटकथा नेमके तेवढेच कलम ठेवते आणि उरलेले पान फाडून टाकते.

१९/
चळवळीतही यावर एकमत नव्हते. समाजवादी नेते झाँ झोरेस यांना सॅबोटाज कुशल कामगाराच्या स्वाभिमानाला न शोभणारे वाटे. हिंसेचे तत्त्वज्ञ म्हणून ओळखले जाणारे झॉर्झ सोरेल यांनीही त्याला विरोध केला. उद्या उत्पादनाची सूत्रे हाती घ्यायची असतील तर आज वाईट काम करण्याची सवय घातक, असा त्यांचा रोख. हा वाद गंभीर होता. काम चांगले करण्यातला अभिमान मोठा की त्या कामाचा न्याय्य मोबदला मागण्याचा हक्क मोठा? बूटकथेत या प्रश्नाला जागाच नाही.

२०/
इंग्रजीत हा शब्द रुळला तो १९१० च्या सुमारास, फ्रेंच रेल्वे संपाच्या बातम्यांतून. त्या संपाच्या वेळी पंतप्रधान होते आरिस्तीद ब्रियाँ, जे तरुणपणी सार्वत्रिक संपाचे पुरस्कर्ते होते. त्यांनी रेल्वे कामगारांना सैनिकी सेवेत बोलावून घेऊन संप मोडला. इंग्रजी वाचकाला सॅबोटाज प्रथम भेटला तो अशा बातम्यांतून, मोडतोडीच्या तक्रारीच्या सुरात. फ्रेंच भाषेत या शब्दाची दोन्ही टोके दिसत होती. इंग्रजीत तो आला तेव्हा आरोपाची बाजूच वर होती.

२१/
अमेरिकेत तो ‘जगातील औद्योगिक कामगार’ या १९०५ मध्ये शिकागोत स्थापन झालेल्या संघटनेने उचलला. १९१३ मध्ये न्यू जर्सीतील पॅटरसन येथे रेशीम कामगारांचा मोठा संप झाला. सॅबोटाजचा पुरस्कार केल्याबद्दल एका वक्त्यावर खटला झाला, आणि तरुण नेत्या एलिझाबेथ गर्ली फ्लिन यांनी त्याच्या समर्थनार्थ केलेली मांडणी पुढे पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाली. त्या मांडणीत रंगाऱ्यांच्या कारखान्याचे एक उदाहरण आहे, ज्याने हा सारा वाद उजळून निघतो.

२२/
पॅटरसनमध्ये रेशमाला रंग देताना त्यात कथलासारख्या धातूंचे क्षार मुरवीत. त्याने वजन वाढे, कापड भारी भासे आणि लवकर विरे. गिऱ्हाईक रेशमाच्या भावाने धातू विकत घेई. कारखान्यात या प्रकाराला चक्क ‘डायनामाइट करणे’ म्हणत. आता एखाद्या रंगाऱ्याने ठरवले, की भेसळ न करता शुद्ध रंग द्यायचा, तर मालकाचा नफा बुडाला. कायद्याच्या भाषेत तो रंगारी सॅबोटाज करणारा. रोज भेसळ करणारा मालक मात्र प्रतिष्ठित उद्योजक.

२३/
अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टन व्हेब्लेन यांनी १९१९ मध्ये हाच मुद्दा अधिक थंडपणे मांडला. सॅबोटाज म्हणजे कार्यक्षमता जाणूनबुजून रोखून धरणे, अशी व्याख्या त्यांनी घेतली आणि ती व्यापारी जगाला लावली. भाव पडू नयेत म्हणून उत्पादन कमी ठेवणे, सुस्थितीतले कारखाने बंद ठेवणे, हे सारे त्या व्याख्येत चपखल बसते. फरक एवढाच की एकाला धंद्यातले शहाणपण म्हणतात आणि दुसऱ्याला गुन्हा.

२४/
गुन्हा ठरवण्याचे काम तोवर कायद्याने सुरूही केले होते. मार्च १९१७ मध्ये आयडाहो राज्याने केलेल्या कायद्यात सॅबोटाजचा प्रचार हाच गुन्हा ठरला. म्हणजे कृती दूरच, तिच्या बाजूने बोलणेही दंडनीय. इतर अनेक राज्यांनी तोच कित्ता गिरवला. एप्रिल १९१८ मध्ये संघीय सॅबोटाज कायदा आला. त्याच वर्षी शिकागोत न्यायाधीश केनेसॉ माउंटन लँडिस यांच्यापुढे या संघटनेच्या सुमारे शंभर जणांवर खटला चालला. ज्युरींनी तासाभराच्या आत साऱ्यांना दोषी ठरवले. नेते बिल हेवूड यांना वीस वर्षांची शिक्षा झाली.

२५/
येथे दुसरा आक्षेप : या संघटनेनेच आपल्या चित्रांत लाकडी बूट वापरला होता, मग कथा खोटी कशी? उत्तर सोपे आहे. शब्दातून चिन्ह आले, कृतीतून शब्द आला नाही. काळे मांजरही त्याच चित्रांत सॅबोटाजचे चिन्ह होते, पण कामगारांनी यंत्रात मांजरे फेकली असे अजून कोणी म्हटलेले नाही. चिन्हाला पुरावा समजणे ही इतिहासाच्या विद्यार्थ्याने सर्वप्रथम टाळावयाची चूक होय.

२६/
महायुद्धांनी शब्दाला लष्करी गणवेश चढवला. पूल, रूळ, दारूगोळ्याची कोठारे. तरीही १९४४ च्या जानेवारीत अमेरिकी गुप्तहेर संस्थेने, म्हणजे ओएसएसने, शत्रुव्याप्त देशांतील सामान्य नागरिकांसाठी जी साध्या सॅबोटाजची पुस्तिका केली तिच्यात काय होते? मोडतोडीच्या युक्त्यांच्या जोडीला सावकाश काम करा, बैठका लांबवा, प्रत्येक विषय समितीकडे पाठवा, शब्दरचनेवर घोळ घाला. शत्रूविरुद्ध वापरायची वेळ आली तेव्हा राज्यसंस्थेला ग्लासगोच्या गोदीतला जुना अर्थ बरोबर आठवला.

२७/
दक्षिण आफ्रिकेत १९६२ चा कायदा सॅबोटाज कायदा म्हणूनच ओळखला गेला. त्याची व्याख्या इतकी सैल होती की विनापरवाना आवारात शिरणेही तिच्यात ओढता येई, आणि कमाल शिक्षा होती मृत्युदंड. रिव्होनिया खटल्यात २० एप्रिल १९६४ रोजी नेल्सन मंडेला यांनी सॅबोटाजची योजना आखल्याचे न्यायालयात लपवले नाही. माणसांचा जीव जाणार नाही म्हणून हा मार्ग निवडला, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. कायद्याने ज्याला घोर गुन्हा म्हटले, त्याचाच त्यांनी जीव वाचवणारा पर्याय म्हणून हिशेब दिला.

२८/
महाराष्ट्रातही हा शब्द सरकारी कागदांतून आला. १९४२ च्या आंदोलनात माथेरानचे भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. सरकारी भाषेत अशी कृत्ये म्हणजे सॅबोटाज. गावाच्या भाषेत ते हुतात्मे. तारा तोडणे अहिंसेत बसते काय, यावर खुद्द गांधीवाद्यांत मतभेद झाला : किशोरलाल मश्रुवाला यांनी ‘हरिजन’मध्ये जीवितहानी टाळून त्याला मुभा दिली, गांधीजींनी पुढे ती अमान्य केली.

२९/
मराठीने या शब्दासाठी ‘घातपात’ हा प्रतिशब्द स्वीकारला. ‘अपघात की घातपात?’ हा मथळा प्रत्येक वाचकाच्या ओळखीचा आहे. रूळ उखडणाऱ्या समाजकंटकासाठी तो योग्यच. पण घात आणि पात या दोन्ही पदांत फक्त विनाश आहे. त्यात दाम तसे काम नाही, भेसळ उघड करणारे तोंड नाही, नियमपुस्तक अक्षरशः पाळणारा रेल्वे कामगार नाही. प्रतिशब्द निवडताना मराठीने सरकारी वकिलाची व्याख्या घेतली आणि आरोपीची जबानी वगळली. पूजेचे लेखन मराठीत आणताना सर्वत्र ‘घातपात’ घातला, तर गोदीतला सावकाश चालणारा हमालही बॉम्बवाला होईल.

३०/
शब्दाचा अर्थ बदलतो, हे भाषेचे स्वाभाविक चलन आहे, असे कोणी म्हणेल. बरोबर. आजच्या इंग्रजीत सॅबोटाज म्हणजे विध्वंस हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु अर्थ आपोआप घसरणे वेगळे, आणि कायदे, खटले व शिक्षांच्या वजनाने तो दाबला जाणे वेगळे. येथे दुसरे घडले. शिकागोच्या खटल्यानंतर जुन्या अर्थाने हा शब्द उच्चारण्याची किंमत तुरुंग होती. जुना अर्थ झिजला यात नवल कसले?

३१/
बूटकथा त्या दाबलेल्या अर्थावर शेवटची माती लोटते. तिच्यात मालक नाही, मजुरी नाही, संप नाही, खटला नाही. आहे फक्त एक यंत्र आणि एक चिडलेला माणूस. प्रगतीला भ्यालेला कामगार ही प्रतिमा कोणाला सोयीची आहे, हे सांगण्यासाठी फार मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. आजही पगाराचा, कामाच्या तासांचा प्रश्न विचारणाऱ्याला नव्या तंत्रज्ञानाचा शत्रू ठरवून वाद मिटवण्याची चाल सर्रास खेळली जाते.

३२/
इतिहासाची आवड असलेल्या तरुण वाचकाने कोणत्याही शब्दाची चटकदार गोष्ट पुढे पाठवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. शब्द प्रथम कोणत्या वर्षी दिसतो? तो वापरणारे लोक स्वतः त्याविषयी काय सांगतात? आणि या गोष्टीतून कोण गाळले गेले आहे? पहिल्या दोन प्रश्नांनी थाप उघडी पडते. तिसऱ्या प्रश्नाने ती का टिकली ते कळते. सॅबोटाजच्या बाबतीत गाळले गेले ते तुलूझचे प्रतिनिधी, ग्लासगोचे हमाल आणि पॅटरसनचे रंगारी. त्यांची नावे फारशी उरली नाहीत. निदान त्यांचा शब्द तरी त्यांना परत मिळावा.

(समाप्त)